सहावं बटण

इथले अनुभव मी दोन-तीन वर्षांपासून वाचते आहे. नाचणगावहून वर्ध्याला जाता-येता बसमध्ये वेळ असतो, तेव्हा. आणि खरं सांगते, प्रत्येक अनुभव वाचून झाला की मी त्याचं कारण शोधायचे. वारा असेल, तापात भास झाला असेल, कोणीतरी चेष्टा केली असेल... केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं आहे मी. आमच्या घरी अंगारे, उतारे, असलं काहीच चालत नाही. बाबांनी लहानपणापासून एकच सांगितलं, आधी विचार कर, मग विश्वास ठेव. त्यामुळे इथे लिहायची पाळी माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

माझ्या अनुभवात ना स्मशान आहे, ना अमावस्या. सगळं दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटखाली, कॉम्प्युटरच्या पडद्यावर घडलं. तुम्हाला हसू येईल. मलाही आधी आलं होतं.

जागा सांगते. वर्ध्याला लागून नालवाडी आहे. तिथे एका वेल्डिंगच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पाणी आणि माती तपासायची एक खाजगी लॅब आहे. लोक विहिरीचं, बोअरचं पाणी बाटलीत भरून आणतात, आम्ही ते तपासून रिपोर्ट देतो — पिण्यायोग्य किंवा पिण्यायोग्य नाही. तिथे आम्ही तिघं. मालकांचे पुतणे सुमित सर, ते मॅनेजर. बाटल्या धुणारे, नमुने ओळीने लावणारे रामाजीकाका. आणि तपासणारी मी, शीतल.

माझ्या आधी हे काम ढोले सर करायचे. मला नोकरी त्यांनीच दिली. मुलाखतीत विचारलं, "पिपेट धरता येते का?" मी खरं ते सांगितलं — आमच्या कॉलेजात दहा जणांत एक पिपेट होती, माझा नंबर यायच्या आत तास संपायचा. ते म्हणाले, "खरं बोलली ना? मंग बाकीचं मी शिकवतो." आणि शिकवलं. कॉम्प्युटरसुद्धा त्यांनीच शिकवला. रिटायर होऊन कारंज्याला मुलाकडे राहायला जाताना त्यांनी मालकांना सांगितलं, यापुढे रिपोर्टवर शीतलची सही चालेल.

ही सही म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझे बाबा पुलगाव स्टेशनवर हमाली करायचे. माझ्या शाळेच्या दाखल्यावर त्यांचा अंगठा आहे. पहिल्या रिपोर्टची झेरॉक्स मी घरी नेली, तर त्यांनी माझ्या सहीवरून नुसतं बोट फिरवलं आणि विचारलं, "हे पाहून लोक पाणी पेतात?" मी हो म्हटलं. तो कागद अजून आमच्या पेटीत आहे, कपड्यांच्या खाली.

आता मुद्द्यावर येते.

ढोले सरांनी लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटमध्ये स्वतःचा एक टूलबार केला होता. त्यात पाच बटणं. नवीन नमुना, मर्यादा तपासा, लाल करा, रिपोर्ट छापा, जतन करा. प्रत्येक बटणावर पिवळा हसरा चेहरा, कारण चित्र कसं बदलायचं ते सरांना शेवटपर्यंत जमलं नाही. पाच हसरे चेहरे आणि पुढे पाच नावं. चार वर्षं मी ती बटणं रोज दाबली. ती पाचच होती, हे मी झोपेतही सांगू शकते. हे लक्षात ठेवा.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सुमित सरांनी नवा कॉम्प्युटर आणला आणि स्प्रेडशीटचं नवं व्हर्जन टाकलं. टूलबार गायब. कॉम्प्युटर बसवायला आलेला अतुल म्हणाला, "गायब नाही झाला मॅडम, नवीन व्हर्जनमध्ये जुने टूलबार ‘ॲड-इन्स’ नावाच्या टॅबमध्ये जाऊन बसतात." त्याने टॅब उघडून दाखवली. होते तिथे पाचही चेहरे. पण दाबलं की एकच मेसेज — मॅक्रो सापडत नाही. बटणं जुन्या कॉम्प्युटरवरच्या फाइलचा पत्ता शोधत होती. अतुलने ती काढून टाकली आणि आम्हाला नवी पद्धत शिकवली. ॲड-इन्सची टॅबही गेली. मला थोडं वाईट वाटलं, पण ठीक आहे.

चार दिवसांनी, सकाळी साडेनऊला, मी फाइल उघडली तर ॲड-इन्सची टॅब परत आलेली. आत एकच पिवळा चेहरा. पुढे नाव — झाकण पाहा.

असं बटण आमच्याकडे कधीच नव्हतं.

मी दाबलं. कर्सर सरकन खाली गेला आणि एका ओळीवर थांबला. नमुना क्रमांक २१२. देवळी तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची बोअर. सगळे आकडे मर्यादेत, शेरा पिण्यायोग्य, रिपोर्ट दोन दिवसांपूर्वीच माझ्या सहीने गेलेला. बाकी काहीच झालं नाही.

मी रामाजीकाकांना हाक मारली.

"काका, कॉम्प्युटरले कोणी हात लावला का?"

"मी? मले टीव्हीचा रिमोट समजत नाई बाई, अन् तुह्या या डब्ब्याले हात लावन?"

"मग हे कुठून आलं?"

काकांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेलं. "हासून काऊन राह्यलं ते?" एवढंच म्हणाले आणि बाटल्या धुवायला गेले.

अतुलला बोलावलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. जुना टूलबार फाइललाच चिकटवलेला असेल, तर फाइल उघडली की तो परत येतो. मला पटलं. त्याने सगळी माहिती कोऱ्या नव्या फाइलमध्ये, नव्या प्रकारात घेतली. जुन्या सेटिंगची फाइल शोधून तीही उडवली. "आता आला तर मला पैसे देऊ नका," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅब होती. एकच चेहरा. झाकण पाहा. दाबलं, २१२.

अतुलने परत येऊन फाइल तपासली. म्हणाला, "या प्रकारच्या फाइलमध्ये टूलबार राहूच शकत नाही मॅडम. बाहेरून कोणीतरी टाकतं आहे." आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

तिथून संशय सुरू झाला. सुमित सरांचा माझ्यावर. माझा सुमित सरांवर.

त्यांचं कारण साधं होतं. सरांनी आल्यापासून बऱ्याच गोष्टी बदलल्या आणि मी प्रत्येक वेळी ‘ढोले सर असं करायचे’ म्हणायचे. आधी आम्ही नमुन्याचा नंबर बाटलीच्या अंगावर मार्करने लिहायचो. पण बाटल्या धुऊन परत वापरायच्या तर तो स्पिरिटने घासावा लागतो, म्हणून सुमित सरांनी नंबर झाकणावर लिहायला सांगितला. मी मानलं, पण तोंड वाकडं करून. शिवाय बसच्या वेळेमुळे सकाळी लॅबमध्ये सगळ्यात आधी मीच पोचते. लॅबमधल्या कॅमेऱ्यात कॉम्प्युटरसमोर एकटी मीच दिसणार ना...

माझंही कारण साधं होतं. नागपूरचा एक एम.एस्सी. झालेला मुलगा त्यांच्या ओळखीचा होता. त्याला घ्यायचं तर माझी सही काढावी लागणार. त्यासाठी शीतल नव्या सिस्टीममध्ये खोडसाळपणा करते असं दाखवलं की झालं.

मी पासवर्ड बदलला, कोणाला सांगितला नाही. संध्याकाळी निघताना इंटरनेटची वायर काढून पर्समध्ये घालून घरी नेली. आईने विचारलं, हे काय? मी म्हटलं, नोकरी. सकाळी वायर लावायच्या आधीच फाइल उघडली. टॅब होती. मग मी सगळ्या ओळी उलट्या क्रमाने लावल्या. २१२ आता भलत्याच जागी गेला. बटण दाबलं... कर्सर बरोबर २१२ वर.

मी मोबाइल काढून पडद्याचे फोटो घेतले.

त्याच दिवशी सुमित सरांनी मला टेबलासमोर उभं केलं.

"शीतल मॅडम, साधं विचारतो. हे बंद कधी करता?"

"सर, मी केलेलं नाही."

"कॅमेऱ्यात तुम्हीच दिसता. पासवर्ड तुमच्याकडे. मग काय ढोले सरांचं भूत येते का? ते तर जिवंत आहेत."

"तुम्ही स्वतः दाबून बघा ना एकदा."

ते हसले, माऊस घेतला, दाबलं. कर्सर २१२ वर गेला. त्यांनी दुसरी शीट उघडली, त्यात नुसते मातीचे नमुने होते. परत दाबलं. पडदा आपोआप पाण्याच्या शीटवर आला आणि २१२ वर थांबला. त्यांचा चेहरा मी जवळून पाहत होते. तो माणूस नाटक करत नव्हता. सुमित सर नाहीत, हे मला तिथेच कळलं. पण मी नाही, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता.

"सोमवारपर्यंत लेखी द्या," ते म्हणाले, "की हे मी केलं, पुन्हा करणार नाही. नाही तर रिपोर्टवर तुमची सही बंद."

त्या रात्री बाबांना काही सांगितलं नाही. पण डोक्यात एक विचार आला आणि तो आल्याची मला अजून लाज वाटते. बटण ज्याने बनवलं तोच ते परत टाकणार. टूलबार करणारा आमच्या ओळखीत एकच माणूस होता. त्यांना नवी पद्धत आवडली नसेल. दुरून काही करता येत असेल... रविवारी मी कारंज्याची बस धरली.

ढोले सरांच्या मुलाचं हायवेला टायरचं दुकान आहे. सर दुकानाबाहेर खाटेवर बसले होते, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मला आवाजावरून ओळखलं.

"शीतल? अवं, काही झालं का बाई? रविवारची इतक्या दूर काऊन आली?"

बाजूच्या ढाब्यावरून चहा आला. मी सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघत होते, चोराकडे बघावं तसं. समोरून ट्रक जात होते, त्यामुळे मला दोनदा मोठ्याने बोलावं लागलं. बटणाचं नाव सांगितलं तेव्हा कप त्यांच्या हातात तसाच राहिला.

"काय नाव म्हनली?"

"झाकण पाहा."

ते उठले. भिंतीला हात लावत आत गेले आणि एक जुनी वही घेऊन आले. त्यात त्यांची लॅबची टिपणं होती. "शेवटचं पान काढ. मले आता बारीक दिसत नाई."

मी काढलं. वर ‘आज शेवटचा दिवस’. खाली त्यांच्या अक्षरात पाच बटणांची नावं, पुढे बरोबरच्या खुणा. त्याखाली सहावं — झाकण पाहा. शेजारी पेनाने काढलेला छोटासा हसरा चेहरा. त्यापुढे खूण नव्हती. कंसात लिहिलं होतं, वेळ नाही, राहिलं.

"बनवाचं होतं," सर म्हणाले. "त्या दिवशी सुमितनं पह्यल्यांदा झाकनावर नंबर लिहाची गोष्ट काढली होती. मी म्हनलं, ठीक हाय, माह्यामागं तुम्हाले जसं वाटते तसं करा. पन मले धाक होता. मी नवा असताना एकदा दोन बाटल्यांचे झाकनं बदलले होते माह्या हातानं. म्हून म्या बाटलीच्या अंगावर नंबर लिहाचं चालू केलं. वाटलं, रिपोर्ट छापाच्या आधी एक बटन ठेवतो, झाकन पाहा म्हनून. मंग हार-तुरे आले, समोसे आले... राहून गेलं."

"सर, ही वही लॅबमध्ये कोणी पाहिली होती?"

"माह्या थैलीत होती. कोन पाह्यन?" मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "ते सोड. ते बटन तुले कोनत्या नंबरवर नेते?"

"२१२. वसतिगृहाची बोअर. पण ते पाणी चांगलं आहे सर."

"अन् २१३?"

२१३ मला पाठ होता, कारण त्या दिवशीचा तो एकच खराब नमुना. एका शेतातली विहीर, ओलितापुरती. नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर.

"झाकन कसे उघडले होते त्या दिवशी?"

मी खरं ते सांगितलं. सरांचा नियम होता, एक झाकण हातात असेपर्यंत दुसऱ्या बाटलीला हात लावायचा नाही. पण आता गडबड असायची. त्या दिवशी मी पाच बाटल्यांची झाकणं एकदम उघडून ओट्यावर ओळीने ठेवली होती.

"बाटल्या फेकल्या का?"

"नाही. महिनाभर ठेवतो."

"मंग इथंसा चहा काय पेऊन राह्यली? जा."

मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "माह्यावर संशय घेऊन आलती ना तू?"

मी हो म्हटलं.

"बरं केलं. कोनाचंही असंच मानाचं नाई, हे म्यानंच शिकवलं तुले. जा, बस जाईन."

सोमवारी सकाळी मी लेखी काही दिलं नाही. रामाजीकाकांना घेऊन मागच्या खोलीतली कपाटं उघडली. आवक रजिस्टरमध्ये मी अजूनही एक जुना रकाना भरायचे, बाटली कशी आहे त्याचा. सुमित सर त्याला फालतू म्हणायचे. २१२ समोर मी लिहिलं होतं — बाटलीवर स्केचपेनने काढलेलं फूल. वसतिगृहाच्या मुलींनी काढलं असणार. २१३ — साधी बाटली, लेबल अर्धं फाटलेलं.

काकांनी २१२ झाकणाची बाटली काढली. तिच्यावर अर्धं फाटलेलं लेबल होतं.

त्यांनी हळूच २१३ ची बाटली फिरवली. गुलाबी फूल.

"बाई..." काका म्हणाले, "पोरीच ते पानी पेऊन राह्यल्या न वं."

मी सुमित सरांसमोर दोन्ही बाटल्या आणि रजिस्टर ठेवलं. सांगितलं, "चूक माझी आहे. झाकणं मी बदलली असतील. रिपोर्टवर सही माझी आहे, तो मीच परत आणते." त्यांनी स्वतःची गाडी काढली.

वसतिगृहाच्या बाईंनी माझा रिपोर्ट स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पिण्याच्या टाकीच्या वर चिकटवला होता. खाली माझी सही, ठळक. मी तो नखाने काढायला लागले तर त्या घाबरल्या.

"मॅडम, काय झालं? या कागदावर भरोसा ठेवून आम्ही हेच पाणी देऊन राह्यलो पोरींना."

मी सगळं खरं सांगितलं. बोअरचं पाणी पुन्हा स्वतःच्या हाताने भरलं, नंबर बाटलीच्या अंगावर लिहिला. लॅबमध्ये येऊन तपासलं, दोनदा. नायट्रेट जास्तच होतं. संडासाचा खड्डा बोअरपासून जवळ निघाला. त्याच दिवसापासून मुलींना प्यायला गावातल्या दुसऱ्या विहिरीचं तपासलेलं पाणी येऊ लागलं, आणि शेतवाल्यांनाही दुरुस्त रिपोर्ट गेला. कोणाला काही झालं नव्हतं. पण आणखी दोन महिने गेले असते तर... तो विचार मी पुढे नेत नाही.

संध्याकाळी शेरा बदलला, फाइल जतन केली. ॲड-इन्सची टॅब पडद्यावरून गेली. मी काही दाबलं नव्हतं. बंद करून परत उघडली. नव्हती. आजपर्यंत परत आलेली नाही.

तुम्ही म्हणाल, भास. पण ते बटण पाच दिवस चार माणसांनी पाहिलं आहे, माझ्या मोबाइलमध्ये त्याचे फोटो आहेत. तुम्ही म्हणाल, कोणीतरी सरांची वही पाहिली असेल. धरून चालू. मग त्याने २१२ च का निवडला? झाकणं बदलल्याचं ज्याला माहीत होतं तो सरळ बोलला का नाही? मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे. सुमित सर, अतुल, रामाजीकाका... ढोले सरसुद्धा. स्वतःलाही. मीच विसरून काही केलं असेल का, असंही वाटून गेलं. पण ती वही मी त्या रविवारपर्यंत पाहिली नव्हती. अतुलने तो कॉम्प्युटर पूर्ण खोलून पाहिला. त्याच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही, आणि असल्यासारखं दाखवणं मला जमत नाही.

माझी सही राहिली. आता नंबर परत बाटलीच्या अंगावर असतो, आणि स्पिरिटने घासायचं काम सुमित सर कधीकधी स्वतः करतात. मला मात्र एक सवय लागली आहे. रिपोर्ट छापायच्या आधी माझी नजर पडद्यावर त्या टॅबच्या जागी जाते. तिथे काही नसतं. तरी मी जरा वेळ बघत राहते.

ढोले सर अधूनमधून फोन करतात. तब्येत, पाऊस, काही विचारत नाहीत.

"आलं का?"

"नाही सर."

"मंग कर सही."